चंद्रभानचं तिसरं बोट

इतवारी, नागपूर
संक्रांतीनंतरचा रविवार, १९५५

तीर्थरूप तुळजाबाईच्या पायांशी धाकट्या नत्थूचा दंडवत.

इकडे सगळी खुशाल आहेत. तुझ्या गुडघ्याचं काय? मागल्या महिन्यात इथून गेलीस तेव्हा उमरेडच्या छोट्या गाडीत तू असा पाय आपटून चढलीस की गुडघा बरा झाला असं मी समजलो होतो. पण तुझी भावजय प्रयाग म्हणते, तो आराम नव्हता, राग होता. भाऊजींचा खोकला उतरला असेल. (त्यांचं दही बंद कर. ते चोरून खातात. मागे आले होते तेव्हा भिंतीपलीकडून मला वाटीचा आवाज आला होता.)

बाई, तू ज्या गोष्टीवर रागावून गेलीस तिच्याबद्दलच लिहितो आहे. आपल्या कुसुमावतीला पाहायला चंद्रभान आला, सोबत त्याचे वडील नानाजी. मुलगा गिरणीत कारकून, घर आपल्यातलंच, नाकीडोळी ठीक. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसला आणि त्याचं बोट थरथरायला लागलं. तू ते पाहिलंस, मी पाहिलं, दारामागच्या बायांनी पाहिलं. पाहुणे गेले तशी तू म्हणालीस, "पोरगा हातकापऱ्या हाय गा नत्थू. आज बोट कापून राहिलं, उद्या हात कापन. आपली पोरगी काय त्याले जन्मभर घास भरवन?" बाबा गेल्यापासून तुझ्या होकारावाचून या घरात पाळणा हलला नाही की सनई वाजली नाही. तू नाही म्हणालीस, तिथेच सोयरीक थांबली. तेव्हापासून कुसुम भाजीत मीठ दोनदा घालते, आणि आम्ही मुकाट्याने खातो.

पण मला एक गोष्ट खटकत होती. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढचं जे काही झालं (विणकराच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्याचा सुताचा दुकानदार झालो ते) ते या दोन कानांच्या भरवशावर. बारा माग खटाखट चालू असताना कुणाचा धागा तुटला ते मी पाठमोरा सांगायचो, हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी चंद्रभानच्या बशीतला चमचा वाजत होता. तू बोट पाहिलंस, मी चमचा ऐकला. आजाराला मोजणी येत नाही, बाई. तो चमचा मोजून वाजत होता. धावायचा, थबकायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा तिथूनच उचलायचा. नानाजींना मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "तसं काई नाही जी, सवय हाय त्याची," आणि मार्गशीर्षाच्या थंडीत उपरण्याने घाम पुसू लागले.

म्हणून एका रविवारी जेवणं झाल्यावर मी चंद्रभानच्या मागे गेलो. (चोरून नाही, शंभर पावलं मागे राहून.) काखेत पिशवी मारून तो जरीपटका वस्तीच्या पुढे मोकळ्या रानात निघाला आणि एका बंद पडलेल्या वीटभट्टीत शिरला. मी विटांच्या रचलेल्या थराला टेकून उन्हात बसलो. आता बाई, जे ऐकलं ते कसं सांगू? आधी वाटलं कानाशी मधमाशी आली. मग वाटलं मधमाशी नाही, दोन सूर आहेत, पण इतके जवळजवळ की एक संपला कधी आणि दुसरा सुरू झाला कधी ते माझ्यासारख्यालाही कळेना. तळ्यावर वारा उतरतो तेव्हा पाणी कसं जागच्या जागी शहारतं, कुठे जात नाही, तसं. विटा ऊन पिऊन कोमट झाल्या होत्या. दूर कुणाची तरी बैलगाडी चालली होती आणि ती पोचतच नव्हती. मला आपलं अंगण दिसायला लागलं. आई ताणा पसरते आहे, तू एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि मधे रंगीत सूत वाऱ्याने थरथरतं आहे, आणि आई म्हणते आहे की हात लावू नको, थांबेल आपोआप. मी हात लावला नाही. ते थांबलंही नाही. किती वेळ तसा होतो कोण जाणे.

डोळे उघडले तर चंद्रभान समोर उभा, दोन्ही हात पाठीमागे.

"काका, तुमी इथं काहून?"

"ऊन खाऊन राहिलो. अन् तू?"

"मी बी."

"पाठीमागं काय हाय?"

"छत्री."

"मोठी गोड वाजते गा तुही छत्री."

मग बिचारा खाली बसला आणि सगळं सांगितलं. ती छत्री म्हणजे क्लॅरिनेट. लग्नसराईत तो एका बॅण्डमधे वाजवतो. नानाजींना याची इतकी लाज की बाहेर कुठे बोलायचं नाही, सोयरिकीत तर मुळीच नाही. पोरगा आजारी समजला तर चालेल, बॅण्डवाला समजला तर नाक कापलं जाईल, असा त्यांचा हिशेब. त्या दोन सुरांच्या फडफडीला पुस्तकात ट्रिल म्हणतात. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने, बाजूची चावी हलवून काढायची. पण चंद्रभानने क्लॅरिनेट घेतली कामठीच्या एका निवृत्त शिपायाकडून, जुनी, आणि त्या चावीची स्प्रिंग मेलेली. म्हणून हा काय करतो, ती चावी देतो सोडून, खालचं एक भोक अर्धं झाकतो, आणि डाव्या हाताचं तिसरं बोट फडफडवतो. बॅण्डमास्तर म्हणतो हे चूक आहे. चूक असेल, पण मी डोळे मिटून ऐकलं आहे, आणि चुकीचा आवाज असा नसतो. अडचण एकच. ते तिसरं बोट, अंगठीचं, माणसाच्या हातातलं सगळ्यांत आळशी. शेजारच्या बोटांना सोबत घेतल्याशिवाय हलत नाही. त्याला एकट्याने धावायला शिकवायचं तर दिवसभर मांडीवर, टेबलावर, जिथे जागा मिळेल तिथे सराव. त्या दिवशी पोह्यांच्या बशीवर.

मी घरी येऊन करून पाहिलं. गादीवर बसल्या बसल्या सुताच्या गठ्ठ्यावर, लाटण्यावर, स्वतःच्या टकलावर. (तिथे बरं वाजतं.) प्रयागने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी लसणाचं तेल गरम करून आली. "मी म्हनतच होती, सोबत बसून पोहे खाल्ले, तुमाले बी लागलं." हात धरून चोळत बसली. मी खरं सांगावं तर नानाजींची लाज जाते, म्हणून चोळू दिलं. आता गिऱ्हाईकसुद्धा लसणाच्या वासाने दूर उभं राहतं.

काल दुपारी मी ओसरीवर परातीच्या काठावर बोट फडफडवत होतो. कुसुम शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाबा, मधलं नोको. तिसरं."

मी म्हटलं, "तुले काय मालूम वं?"

ती तांदळातून डोळे न काढता म्हणाली, "मान खाली घालून बसाले तुमीच सांगितलं होतं. मंग मले त्याइचं अजून काय दिसन?" आणि तिने परातीच्या काठावर आपलं तिसरं बोट ठेवलं आणि वाजवलं. बाई, थेट तेच. तोच ठेका, तोच श्वास, थबकायची जागासुद्धा तीच. महिनाभर पोरगी हे करत असणार, माझ्याच घरात, आणि माझे कान सुतात होते.

आता तू काय ते ठरव. पौष संपतो आहे. तुझं एक होकाराचं पत्र आलं की मी नानाजींकडे जातो.

तुझा आज्ञाधारक,
नत्थू

ता.क. उमरेडला कुणी बोटाबद्दल विचारलं तर बॅण्डचं नाव काढू नकोस, आजारच सांग. आजार ऐकला की लोक औषध सांगतात आणि घरी जातात.

ता.क. दुसरा. हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. लग्नाच्या दिवशी चंद्रभान घोड्यावर असेल, म्हणजे त्याची क्लॅरिनेट रिकामीच राहील. वरात सीमेवर आली की सीमांतपूजनाआधी जरा वेळ मिळतो. मुलीच्या बापाने बॅण्डमधे उभं राहावं अशी आपल्यात रीत नाही, मला ठाऊक आहे, आणि लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे. पण तू मोठी आहेस, तू हो म्हणालीस तर कुणाची बोलायची छाती नाही. मी जास्त वेळ घेणार नाही. मला दोनच सूर येतात.