भरून आलेला डबा

उंब्रज, जि. सातारा
८ जानेवारी १९४५

रा. रा. नाथाजी भाऊजी यांस अंजनाचा नमस्कार.

तुम्ही आणि ह्यांच्या पलटणीतले सगळे खुशाल असाल अशी आशा करते. शिराळ्याला तुमच्या आईंचा गुडघा आता बरा आहे, असं बाजाराला आलेल्या माणसाकडून कळलं. आमची म्हैस व्याली, रेडी झाली. सासूबाईंनी खरवस गल्लीभर वाटला.

तुम्ही धाडलेलं पार्सल पोचलं. आत चिठ्ठी नव्हती, पण वर शिवलेल्या कापडावर तुमचं नाव होतं.

‘पार्सल’ हा शब्द आमच्या घरात ह्यांनीच आणला. लग्नानंतर मिरजेला गाडी बदलताना ह्यांनी पुरीभाजी पानात बांधून घेतली, तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, “घ्या पार्सल.” त्यानंतर मी फुगून बसले की हे म्हणायचे, “पार्सल माघारी धाडू का म्हायेरला?” सासूबाईंना मात्र पार्सल म्हणजे एकच. लेकासाठी शेंगदाण्याची चटणी भरून पोस्टात द्यायचा पितळी डबा.

तोच डबा तुम्ही परत धाडलात, तिकडच्या मनुकांनी काठोकाठ भरून. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, हे तुमच्या आईंनीच तुम्हाला शिकवलं असणार. तुमचं काही चुकलं नाही, भाऊजी. पण हे इटलीत लढाईत पडल्याची तार दसऱ्यालाच आली होती. रडून रडून सासूबाईंचा आवाज बसला होता. डब्याचं झाकण उघडलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“तार खोटी हाय! मेलेल्याच्या घरी कुनी डबा भरून धाडतं व्हय? माझ्या मानसिंगानंच भरलाय ह्यो!”

मनुका त्यांनी दारोदार वाटल्या. कुणी घेतल्या, कुणी दार लावून घेतलं. मग माझ्या पुसलेल्या कपाळावर त्यांनी आपल्या बोटानं कुंकू लावलं. आता रोज सकाळी लावतात, आणि मी मुकाट कपाळ पुढे करते. परवा म्हणाल्या, संक्रांतीला तू सुवासिनींना वाण दे. आमच्या दारात एकही बाई फिरकणार नाही, हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

लोक म्हणतात, म्हातारीला वेड लागलं. म्हणू देत. कुंकू लावताना घटकाभर मलाही वाटतं, तार खोटी असेल. मग दिवसभर जीव नकोसा होतो.

म्हणून एक मागते. डबा तुम्ही भरलात हे मला कळतं, पण उत्तरात तसं लिहू नका. लिहा, की जायच्या आदल्या दिवशी ह्यांनीच आईसाठी भरून ठेवला होता, तुम्ही फक्त पोस्टात टाकलात. पत्र शाळेचे मास्तर वाचतील, माझ्या वाचण्यावर सासूबाईंचा विश्वास नाही. लेकानं आठवण ठेवली आणि मग गेला, एवढं त्यांना पटलं की त्या रडतील. मला कपाळ पुसू देतील.

आणि भाऊजी, खरोखरच ह्यांनी भरला असेल, तर तेवढं माझ्या एकटीच्या नावानं वेगळं कळवा.

नावाआधी सौ. लिहावं की गं. भा., हात दोन्हीला धजत नाही. म्हणून नुसतीच,

अंजना