तुझं हेल्मेट

रेवती,

तू स्वतःचं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलंस, तिथंच माझं सगळं बदललं. "नवी गाडी आहे, आधी तूच फेरी मार," म्हणालीस. आत तुझ्या केसांच्या तेलाचा वास येत होता. मी कॉलेज अर्धवट सोडून डोंगरकडा गावच्या या शेडमध्ये एका सीटच्या रेसगाड्यांना वेल्डिंग करणारा, आणि तू इथं रेस शिकणारी, सरांची लाडकी. मी हुरळलो. गाडी जीव खाऊन पळवली.

मग रेस शिकवणाऱ्या आपल्या नचिकेत सरांनी क्लासच्या जाहिरातीचा व्हिडिओ दाखवला. गाडी मी चालवून राहिलो अन् खाली 'प्रशिक्षक' म्हणून नाव तुझं! शेवटी हेल्मेटची काच वर करून हसणारी तूच.

मी भांडलो, तर म्हणालीस, "काहून भडकून राहिलास? हेल्मेटात कोण आहे, कुणाला कळतं?"

किळस आली गं.

आज ती जाहिरात पाहून कुरुंद्याहून एक बाप आपल्या पोरीला, आरोहीला, घेऊन आलाय. पोरगी मला विचारते, "दादा, रेवतीताईच शिकवतील ना?" तुला तर वळणावर गाडी सावरता येत न्हाई! तिकडं सर ओरडून राहिलेत, "वैजनाथ, घाल ते हेल्मेट, पाहुण्यांना फेरी दाखवायचीय."

हे पत्र तुला देणार न्हाई. दिलं तर तू जवळ येऊन हसशील, आणि मी गुमान पुन्हा हेल्मेट घालीन. त्यापेक्षा त्या बापाला तोंडावर सगळं सांगतो. मग सरांनी हाकललं तरी चालेल.

आता उठतो. बाहेर जाताना दार ओढून घेईन.

'तुझा' लिहून खोडलंय,
वैजनाथ