भिंतीतलं बिनमुळाचं झाड

चि. धाकट्यास,

तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. सख्खा भाऊ गवंडी आणि बहिणीची भिंत पडायला आलीय, हे चार लोकांत सांगायची मला लाज वाटते, तुला कशी वाटत नाही? असो. आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? (नसेल तर डॉक्टरकडे ने, नुसता बघत बसू नकोस.)

माझ्या इस्त्रीच्या टेबलामागची दगडी भिंत तुला ठाऊक आहे, जिच्यावर बाहेरून नळ गळतो. तिच्या भेगेत एक झाड उगवलंय. झाड कसलं, हिरव्या काड्यांचा केरसुणीएवढा झुपका! पान नाही, फूल नाही. काडीला दोन फाटे, फाट्याला पुन्हा दोन, वर मोहरीएवढे पिवळे दाणे. कॉलेजातल्या बाई साड्या न्यायला आल्या आणि ते बघून मटकन खालीच बसल्या. म्हणाल्या, याला मुळंसुद्धा नसतात, खालची बुरशी याला भरवते (आयतं खाणारे माझ्याच घरात कसे येतात, कळत नाही). जगात फुलं यायच्या कितीतरी आधी असल्याच काड्या उगवायच्या म्हणे. सावली, ओल आणि भेग मिळाली की झालं. "सिमेंट लावू नका हं, तुमच्या भरवशावर सोडते," म्हणाल्या. घरमालक तर खूशच झाला, त्याचा खर्च वाचला!

तेव्हापासून भेग वाढतेय. आधी नख जायचं, आता मूठ जाते. वाळू सर्रकन गळली की मी तापलेली इस्त्री घेऊन रस्त्यावर. परवा अशी पळाले, तर मला बघून न्हावी अर्धी दाढी सोडून पळाला. भिंतीवर डोळा ठेवून इस्त्री फिरवते, वकिलाची कॉलर जळाली. खाट दाराशी ओढलीय. तेव्हा थापी-ओळंबा घेऊन गुरुवारी ये.

तुझी ताई

ता. क. खरं सांगते, ओरडू नकोस. काल मी ते झाड उपटलं. मुळं नाहीत तर अलगद येईल वाटलं. खालच्या केसाळ तपकिरी दोऱ्यांबरोबर तीन दगडही आले. आता घरातून नळ दिसतो.

आणखी एक. भिंत पडली तर मी पळेन. पण शुक्रवारी बाई कॉलेजातल्या मुलांना घेऊन झाड दाखवायला येणार आहेत. त्या ओरडत नाहीत रे, नुसत्या बघतात. झुपका ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. भेग बुजवायची नाही, त्याला होता तसा तिथंच बसव आणि भिंतीला बाहेरून टेकू लाव. जगेल की नाही देव जाणे. उपटल्याचं बाईंना मीच सांगेन, पण तू शेजारी उभा राहा. येणार की नाही, ते बुधवारच्या आत कळव.