ताईच्या कानांविषयी

शनिवार, १४ जून

ती. ताईस, नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला, आता कुरकुरत नाही.

फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितेस. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तरी तू आता दुसऱ्या डॉक्टरांकडे निघालीस. भाऊजी म्हणतात, "हिला कुजबुजलेलंही ऐकू येतं, फक्त माझंच ऐकू येत नाही." मला त्यांचं पटतं.

माझ्या कामाचं विचारलंस. ते मंजूर झालं. तुला मागे सांगितलं होतं, छोट्या यंत्रांतला प्रोसेसर आपल्या कामात गुंग असतो. बटण दाबलं, काही हललं, की त्याला हाक जाते. त्या हाका आधी एका दारवानाकडे येतात, त्याला इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. कोणाला आत सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे तो बघतो. एका नव्या चिपच्या दारवानाशी कर्नलचं, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमचं, बोलणं जुळवून द्यायचं, एवढंच माझं काम होतं.

आमच्यात लिहिलेलं आधी जाणकारांना मेलने पाठवावं लागतं. ते चुका काढतात. त्यातल्या एकांना आम्ही हेडमास्तर म्हणतो, कधी पाहिलेलं नाही. फेब्रुवारीत, बाबांचे दिवस होऊन मी परत आलो त्याच आठवड्यात, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. "हाक आल्यावर दार लावलंस, परत उघडतं कोण?"

मी पाहिलं. उघडायची ओळ लिहिलीच नव्हती. दहा मिनिटांत लिहिली. मंजूर झालेल्या कामावर आता माझं नाव आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी चहा पाजला.

ताई, बाबांच्या उशाशी लावलेल्या घंटेत तोच प्रोग्रॅम होता.

तुला आठवतं, बाबांची वाचा गेल्यावर मी ती ऑफिसच्या, त्याच चिपच्या बोर्डावर बनवून दिली. बाबांनी एकदा दाबलं की दहादा वाजायची. तुझे कान किटले होते. "बाबांपेक्षा ही घंटाच जास्त हाका मारते," असं तू म्हणालीस. म्हणून त्या रविवारी मी ती सुधारली. पहिली हाक आली की दार लावायचं, म्हणजे उरलेल्या नऊ आत येणार नाहीत. मी एकदाच दाबून बघितली, एकदाच वाजली. तू म्हणालीस, "आता कशी शहाण्यासारखी वागतेय." मग प्लग काढून मी ती उशाशी नेऊन जोडली आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. दुसऱ्यांदा दाबून बघायचं मला सुचलं नाही.

सोमवारी बारा वाजता घंटा वाजली. तू गेलीस, बाबांना पाणी पाजलंस. चार वाजता चहा घेऊन गेलीस तेव्हा बाबा खाली पडलेले होते आणि बटण मुठीत होतं. दिवसांत तू येणाऱ्या सगळ्यांना सांगत राहिलीस, "मी शेजारच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, मला ऐकू कसं आलं नाही." मी तिथेच बसलो होतो. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीपासून माहीत आहे. बोर्ड ऑफिसला परत हवा म्हणून मी घंटा मागवून घेतली, ते खोटं होतं. ती माझ्या कपाटात आहे. जोडली की पहिल्यांदा वाजते. त्यानंतर कितीही दाबलं तरी वाजत नाही. मी बऱ्याच वेळा करून पाहिलं. मला रडू येत नाही. कामावर जातो, येतो.

चार महिने तू स्वतःला बोल लावते आहेस, आणि मी तुला पत्रातून पंख्याच्या गोष्टी सांगतो आहे. वेळेवर हाक पोचली असती तर बाबा वाचले असते का, मला सांगता येत नाही. पण तू गेली असतीस.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. हे पत्र भाऊजींनाही वाचायला दे. मी रोज सात वाजता फोनजवळ असेन. बोलावंसं वाटलं तर कर, नाही वाटलं तरी मला समजेल.

फोनवर तुला सगळं नीट ऐकू येईल. त्या दिवशीही आलं असतं.

तुझा,
बारक्या