नखांवरच्या चांदण्या

२ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. काकूंनी दिलेला डबा गाडीतच फस्त झाला. निघताना मी गंभीर होते म्हणून तुम्ही लहानपणीसारखं ‘आजीबाई’ म्हणून चिडवलंत. पण तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाजवळ किरणोत्सर्ग मोजायचं माझं यंत्र जे टकटकायला लागलं, ते अजून कानातून जात नाही.

काका, जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचा चमकणारा रंग रेडियमचा आहे. काच बंद असेल तोवर फारशी भीती नाही. पण तुम्ही तो खरवडता, फुंकरीने उडवता. ती भुकटी पोटात गेली की हाडांत घर करते. कृपा करून ती खोली झाडू नका, बंदच ठेवा. काट्यांची बरणी हलवू नका. तुमची नात टेबलाखाली रांगते, तिला तिथे मुळीच जाऊ देऊ नका. आमच्या खात्याची माणसं येऊन सगळं नीट नेतील. अक्षरं मी त्याच टेबलाशी गिरवली, त्यामुळे हे लिहिताना हात जड झाला आहे.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची आजीबाई

९ फेब्रुवारी

चि. आजीबाईस,
अनेक आशीर्वाद.

जन्म गेला माझा या टेबलाशी, आणि कालची पोर मला घड्याळ शिकवते! तुझं यंत्रही तुझ्यासारखंच भित्रं. माणसंबिणसं पाठवू नकोस, गिऱ्हाइकं पळतील. काकू मात्र तुला फितूर. तिने खोलीला कुलूप ठोकलं आहे.

रागासकट आशीर्वाद.
काका

१२ फेब्रुवारी

चि. आजीबाईस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराची वाट न पाहता लिहितोय. तुझं पत्र पुन्हा वाचलं. बरणी, फुंकर, नात, सगळं लिहिलंस. नखांचं लिहिलं नाहीस. तू विसरणारी नव्हेस. मला लागेल म्हणून गाळलंस.

लहानपणी अंधाराला भ्यायचीस, तेव्हा मीच त्या रंगाचे ठिपके तुझ्या नखांवर दिले. बोटांवर चांदण्या घेऊन झोपायचीस. आणि बोटं तोंडात घालायची खोड होती तुला. काय करून बसलो मी, पोरी? नुसता दिवा ठेवला असता तरी भागलं असतं.

माणसं पाठव. टेबलही नेऊ देत. माझ्या बोटावरच्या जखमेचं काकूने परस्पर कळवलं असेलच. भाजलंय, दुसरं काही नाही. तुझं काय ते आधी लिही.

काका

१८ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मी तपासून घेतलं. आज तरी काही आढळलं नाही. पुढेही अधूनमधून तपासणार आहेत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

पण काकूंनी सगळं कळवलंय. भाजलेलं बोट इतके महिने ओलं राहत नाही, काका. लोकांच्या घरोघरी यंत्र घेऊन फिरले. आपल्या घरी न्यायचं सुचायला फार वेळ लागला. सोमवारी माणसांबरोबर मी येते आहे. ती टेबल बांधतील तोवर आपण दवाखान्यात जाऊ.

नखांचं एकच सांगते. रंग सुकेपर्यंत तुम्ही माझे दोन्ही हात धरून बसायचात. मला झोप चांदण्यांमुळे नव्हती लागत.

सोमवारी हात मी धरीन. तेवढं नाही म्हणू नका.

तुमची आजीबाई