कुलपाचे साडेबारा टक्के

पनवेल

चि. अंकितास दयाराममामाचा पोटभर आशीर्वाद. मस्कतच्या उन्हात तब्येत सांभाळ. रोग्यांना 'जेवलात का' विचारतेस, तसं कधी स्वतःलाही विचारत जा. इकडे सगळे खुशाल, फक्त आमचा प्रणित बापाशी बोलत नाही.

त्याचं असं झालं. रोग्यांचे कागद कुलूपबंद करणारं त्याचं सॉफ्टवेअर तुझ्या शब्दावर तुमच्या हॉस्पिटलने घ्यायचं ठरवलं (पोराची पहिली परदेशी ऑर्डर, मामीने गल्लीभर पेढे वाटले). आणि एक दिवस जेवताना तो म्हणाला, असली कुलपं देशाबाहेर पाठवायला परवानगी लागते, सरकारने अडवलंय. आता 'सरकारने अडवलंय' हे आपल्या घरात कसं ऐकलं जातं, तुला ठाऊक आहेच. भातशेती गेली, मिठागर गेलं, तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. पुढचं मी ऐकलंच नाही. भावकी टेम्पोत भरली, उलव्याहून लाउडस्पीकर मागवला आणि निर्यातीच्या कचेरीवर मोर्चा नेला. जमीन घेतली तेव्हा साडेबारा टक्के विकसित करून परत दिलीत ना, मग सॉफ्टवेअरचेही द्या, एवढीच मागणी!

तिथल्या अधिकारी बाई तुझ्याच वयाच्या, फार गोड. म्हणाल्या, काका, आम्ही काहीच घेतलेलं नाही. मी म्हटलं, सुरुवातीला असंच सांगतात. मग त्यांनी पाणी दिलं आणि समजावलं, की अशी कुलपं भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून ती तिकडे कोण वापरणार आणि कशासाठी, एवढंच सरकार विचारतं. त्यावर हौसाताई (तुझी आई, दुसरं कोण!) पुढे झाली. "माजी पोर हाय ती तिकरं. तिच्यावर भरोसा नाय काय तुमचा?" बाईंनी हात जोडले, पण तोंडी साक्ष चालत नाही म्हणाल्या. (लाउडस्पीकर चालूच होता, त्यामुळे ती साक्ष सगळ्या रस्त्याने ऐकली.)

प्रणितने म्हणे अर्ज केव्हाच केला होता. मोर्चाचा व्हिडिओ त्याला मित्रांनी पाठवला. तेव्हापासून भाजी वाढू का विचारलं तरी तो नुसती मान हलवतो.

बाकी तू आलीस की बोलू.

तुझाच,
दयाराममामा

ता. क. मामीकडून कळलं, अर्जात एकच कागद कमी आहे. हे कुलूप आम्ही फक्त रोग्यांच्या कागदांना लावू, असं तुमच्या हॉस्पिटलचं सहीशिक्क्याचं पत्र. ऑर्डर ताईनेच मिळवून दिली, आता तिला आणखी किती त्रास द्यायचा, म्हणून पोरगा गप्प बसलाय. तेवढं पत्र पाठव. मी सांगितलं म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. ऑर्डर हातची गेली तर बंगळूरची नोकरी धरतो, असं तो मामीला मोर्चाच्या आधीपासून म्हणतोय. अंकिता, मला ते सोसणार नाही गं. तू गेलीस तेव्हाच घर अर्धं झालं. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के तरी मिळाले, पोराच्या बदल्यात किती मिळतात, हेही मी निघताना त्या बाईंना विचारलं होतं. त्यांनी मला पुन्हा पाणी दिलं.