अष्टमीची खूण

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं. बायका गेल्यावर साडी न बदलता खाली आमच्या कंत्राटदारीच्या ऑफिसात जाऊन बसले. दादा म्हणाले, आज सुट्टी घ्यायचीस की. सुट्टी घेऊन जाऊ कुठं? वर स्वयंपाकघर, खाली ऑफिस. वर ते मोठे दीर, खाली साहेब. नोकरी सोडायची तर घर सोडावं लागेल आणि घर सोडायचं तर... असो.

कोकणातल्या धक्क्याचं काम जोरात आहे. लोकांनी उभं राहून गळ टाकायचा सार्वजनिक धक्का. जुन्या दगडी धक्क्याचं टोक ढासळलंय, तिथं खांबांवर नवा ओटा. ड्रॉइंग माझं. खाली कोपऱ्यात सही माझी. समुद्र मी चौतीस वर्षांत पाहिलेला नाही. दोनदा म्हटलं, साइटवर नेता का. दादा दोन्ही वेळा म्हणाले, बघू.

१७ जाने., शनि.

सलीमभाईंचा फोन. सेंट्रिंगचे मिस्त्री, सासऱ्यांच्या काळापासून आपल्याकडे. महिनाभर तिकडंच आहेत. खांब झाले, स्लॅब ओतायच्या फळ्या ठोकणं चालू. स्लॅब ३ फेब्रुवारीला, मंगळवारी.

तिथल्या लोकांचं सांगत होते. रविवारी म्हातारे येतात, घडीची खुर्ची, डबा, कोळंबीचं आमिष. सकाळपासून दुपारपर्यंत एक मासा, आणि त्यावर आठवडाभर गप्पा. नवा ओटा कधी, म्हणून रोज विचारतात. मला हे ऐकायला फार आवडतं. म्हटलं, फोन पाण्याकडं धरा. धरला. नुसता वारा ऐकू आला.

१९ जाने., सोम.

दुपारी साडेबाराला पुन्हा सलीमभाई. माझे हात कणकेत.

"भाभी, फळ्यांच्या उप्पर पानी आलं. वीतभर. लाट आली की जास्तीच."

मी म्हटलं, होडी गेली असेल जवळून. ते म्हणाले, होडी नाय, काल अमावस झाली ना, इथले काका बोलले उधाण आहे, रात्री आणखी चढतं. त्या काकांनी फळ्या बघून विचारलं म्हणे, हे कुणी मापलं?

पोळ्या करपल्या. सासूबाई बोलल्या. बोलू देत.

२० जाने., मंगळ.

सकाळी फाइल काढली. पाण्याची सगळ्यात वरची रेघ, तिच्यावर मी दोन फूट धरले. नाथसागरावर मासेमारीचा ओटा केला तेव्हाही दोनच धरले होते. तिथं धरण भरलं की भरलं, त्याच्या वर पाणी जात नाही. रेघ यांनीच, माझ्या नवऱ्यानं, म. नीच, आणलेली. भर भरतीची वेळ विचारून घेतली, उतरत्या उन्हात उभे राहिले, पाणी जिथवर आलं तिथं लाल रंगाची खूण केली. फोटोही आहे. कामात हयगय करणारा माणूस नाही हा.

पण दिवस कुठला? नवरात्रातली अष्टमी. मला पक्कं आठवतं, कारण घरात होम होता आणि म. नव्हते. सासूबाई अजून ऐकवतात.

संध्याकाळी सलीमभाईंनी काकांना फोन दिला. काका शांतपणे म्हणाले, "अहो बाई, अष्टमीला भांगाची भरती. महिन्यातली सगळ्यात लहान. पुनवेला नि अवसेला बघायचं असतं." एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणाला नाही. मीही विचारलं नाही. ती रेघ मी तशीच्या तशी उतरवून घेतली.

२२ जाने., गुरु.

म. ना सांगितलं. जेवण झाल्यावर, गच्चीवर. आधी हसले. मग म्हणाले, मी तासभर उभा होतो तिथं. मग म्हणाले, म्हणजे चूक माझी, असंच ना?

मी म्हटलं, दोघांची.

"दादाला सांगू नको."

एवढं बोलून खाली गेले. मला राग आला आणि त्यांची कीवही. बी.ई. मी, डिप्लोमा ते. दादा हे दर दिवाळीला पाहुण्यांसमोर काढतात. आता हे कळलं तर जन्मभर पुरेल.

२४ जाने., शनि.

मीच सांगितलं. म. चं नाव न घेता. ड्रॉइंगमध्ये उंची कमी पडतेय, खांब अडीच-तीन फुटांनी वाढवावे लागतील, स्लॅब थांबवा.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग: "महिन्यातनं दोन-चार दिस भिजंल. भिजू दे की. मासे धरायलाच येत्यात ना लोकं, पाय वले झाले तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, पाय नाही, लाट खालून स्लॅबला धडका देणार. आणि कठड्याशी सत्तरीची माणसं उभी असणार.

"लई शिकलीस म्हणून समुद्राला बी शिकवती का? पाह्यलाय का तू समुद्र?"

नाही पाहिला. वर येऊन भाजी चिरली.

२६ जाने., सोम.

झेंडावंदनाहून आलो तर टेबलावर कागद. धक्क्याचं काम देणाऱ्या तिकडच्या समितीला दाखला हवाय: ओट्याची उंची जागेवर पाहून तपासली आहे. खाली माझं नाव टाइप केलेलं. दादांनी वर पेन ठेवून दिलेलं.

जागेवर. मी शहराबाहेर, मुकुंदवाडीच्या पलीकडं गेले ती शेवटची शेंद्र्याला, नणंदेकडं बारशाला. सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. घाबरते, हे लिहायला हरकत नाही.

२९ जाने., गुरु.

दादांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सासूबाईंसमोर. त्या म्हणाल्या, एका सहीसाठी घरात तोंडं फिरवायची का गं? आता मी एकटीच वाईट. म. ताटावरून मान वर करत नाहीत.

रोज काकांची ती घडीची खुर्ची डोळ्यांसमोर येते. माणसाचा चेहरा माहीत नाही, खुर्ची दिसते.

सलीमभाईंना विचारलं, दादांनी सांगितलं तर ओताल का स्लॅब? म्हणाले, "भाभी, मालक बोलेंगे तो करना पडेगा. पर पुनवेला एकदा कुनी तरी येऊन बघा."

३१ जाने., शनि.

काल संध्याकाळी म. नी पिशवी भरली. दादांना म्हणाले, पाचोडच्या साइटवर जातो, तिथंच राहीन. पाचोडची साइट दिवाळीतच संपलीय. मला चप्पल घालताना एवढंच विचारलं, भरती किती वाजता म्हणालीस?

पुनव उद्या.

१ फेब्रु., रवि.

पाऊणला आम्ही जेवत होतो. दादा, सासूबाई, मी वाढत होते. फोन वाजला. वाऱ्यामुळं निम्मं ऐकू येत नव्हतं.

"वैशू, फळ्यांवर उभा आहे. गुडघ्यापर्यंत येतंय. सलीमभाईंनी दंड धरलाय माझा." मग नुसतं पाणी. मग, "चुकली खूण. दादाला सांगशील का तू?"

दादांनी विचारलं, कुणाचा फोन.

म. ना हो, मी सांगते म्हणाले असते तर पुन्हा माझंच ड्रॉइंग, माझंच शिक्षण, माझाच हट्ट. यांचं नाव पुन्हा बाजूला. मला ते नको होतं. म्हणून म्हटलं, "तुमच्या भावाचा. पाण्यात उभे आहेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय." आणि फोन पुढं धरला.

दादांचा उजवा हात वरणात. डाव्या हातानं घेतला. ऐकत राहिले. मध्ये एकदाच म्हणाले, "आधी भाईर निघ तिथनं." मग तसेच उष्ट्या हातानं उठले, फोन घेऊन खाली गेले, ऑफिसचं दार लावून घेतलं.

आता चार वाजले. दार बंदच. माझा फोन आत त्यांच्याजवळ. म. कुठं आहेत, किनाऱ्यावर आले का, कळायला मार्ग नाही. स्लॅब परवा सकाळी. सासूबाईंनी दोनदा विचारलं, झालंय तरी काय. मी दारापर्यंत जाऊन आले. आत दादा कुणाशी तरी बोलतायत, हळू आवाजात; ‘खांब’ आणि ‘तीन फूट’ एवढंच कळलं. हळू बोलायची त्यांना सवय नाही.